पिवळ्या साक्याचा भरंवसा

हिराकस पाण्यांत विरघळवून बादली रात्रभर उघडी राहिली, म्हणजे सकाळीं त्या पाण्याचा फिकट हिरवा रंग उडालेला असतो, पाणी गढूळ होतें आणि तळाशीं पिवळसर तांबूस साका बसतो. भुईमुगाच्या किंवा उसाच्या केवड्यावर फवारा देणाऱ्या आपल्या बहुतेक वाचकांनीं हा प्रकार पाहिलेला असेल. तें पाणी वायां गेलें असें समजून आपण ओतून देतों, आणि तें योग्यच आहे. कारण पिकास हवें असलेलें लोह विरघळलेल्या स्थितींत उरलेलें नसतें. परंतु त्या साक्यांत लोहाबरोबर आणखी काय काय बसलें, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. तोच प्रश्न आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बादलींत जें घडतें तेंच खाणींच्या ओढ्यांत, धातु गाळण्याच्या कारखान्यांच्या हौदांत, आणि समुद्रकांठच्या दलदली कोरड्या करून काढलेल्या शेतांत फार मोठ्या प्रमाणावर घडतें. तेथें पाण्यांत लोह व गंधकाम्ल यांच्या जोडीस शिसें, तांबें, जस्त, कॅडमियम, आर्सेनिक यांसारखे पदार्थ अल्प प्रमाणांत असतात. साका खालीं बसतो, पाणी निवळतें, आणि पाहणारा म्हणतो कीं दोष गेला. आमचें मत असें आहे कीं, हा निष्कर्ष अर्धा खरा आणि म्हणूनच अधिक धोक्याचा आहे. साक्यांत बसलेला धातु नाहींसा झालेला नसतो. तो तेथें ठेव म्हणून राहिलेला असतो. ही ठेव कोणत्या अटींवर ठेविली गेली आहे हें ज्यास ठाऊक नाहीं, त्याच्या शेतांत ती एखादे वर्षीं नकळत मोकळी होते.

प्रथम साका होतो कसा तें पाहूं. लोहाच्या दोन अवस्था आहेत. हिराकसांतील लोह पाण्यांत सहज विरघळतें. प्राणवायूशीं संबंध येऊन तें दुसऱ्या अवस्थेंत गेलें, कीं विरघळून राहणें त्यास कठीण होतें आणि तें साक्याच्या रूपानें बाहेर पडतें. खाणींतून व दलदलींतून येणाऱ्या अशा लोहाचें मूळ बहुधा लोहमाक्षिक, म्हणजे पायराइट, हें असतें. लोह व गंधक यांचें हें सोन्यासारखें चकाकणारें खनिज जमिनीच्या पोटांत, हवेपासून दूर, निरुपद्रवी पडून असतें. खाण खणली किंवा दलदलीस चर काढून पाणी उतरविलें, म्हणजे हवा आंत शिरते, माक्षिकाचा ऱ्हास होऊन त्यापासून हिराकस व गंधकाम्ल उत्पन्न होतें, आणि आम्लांतच वाढणारे कांहीं सूक्ष्म जंतु ह्या कामास मोठा वेग देतात. माक्षिकांत मुळांतच मिसळलेलें आर्सेनिक आणि शेजारच्या खनिजांतील शिसें, जस्त, तांबें हींही त्या आम्लांत उतरतात.

पुढें कोणता साका बसावा हें पाण्याच्या आंबटपणावर ठरतें. मातीपरीक्षणाच्या पत्रिकेवर सामू म्हणून जो आंकडा येतो, तो जितका लहान तितकी आम्लता अधिक, हें वाचकांस माहीत आहेच. सामू सुमारें ३ च्या खालीं असून पाण्यांत पोटॅशियम किंवा सोडियम पुरेसें असेल, तर जारोसाइट नांवाचें फिकट पिवळें खनिज बनतें. स्पेन देशांतील हारोसो नांवाच्या ओहळावरून ब्राइटहाउप्ट ह्या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें १८५२ सालीं त्यास हें नांव दिलें. सामू ३ ते ४ च्या आसपास असल्यास श्वेर्टमनाइट नांवाचा नारिंगी साका बसतो. ह्याची स्वतंत्र खनिज म्हणून ओळख १९९४ सालीं, म्हणजे अगदीं अलीकडे, झाली. आम्लता त्याहून कमी असेल तर साधा तांबूस गंज बसतो. त्याच्याच जुन्या, स्थिरावलेल्या रूपास गोएथाइट म्हणतात. पहिल्या दोन साक्यांत लोहाशीं सल्फेट घट्ट गुंफलेलें असतें, तिसऱ्यांत तें नसतें. हा फरक पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे.

आतां परके धातु साक्यांत शिरतात कसे ? पहिला मार्ग स्फटिकांतील जागा पटकावण्याचा. जारोसाइटचा स्फटिक म्हणजे ठराविक खणांची शिस्तशीर मांडणी आहे असें समजावें. एका प्रकारच्या खणांत पोटॅशियम, दुसऱ्या प्रकारच्या खणांत लोह, तिसऱ्यांत सल्फेट. शिशाचा अणु आकारानें पोटॅशियमच्या अणूजवळ येत असल्यामुळें तो त्याच्या खणांत बसूं शकतो. मात्र त्याचा विद्युद्भार दुप्पट असल्यानें हिशेब जुळण्यासाठीं कांहीं खण रिकामे राहतात. रुपें आणि थॅलियम हींही तेथेंच जागा घेतात. लोहाच्या खणांत ॲल्युमिनियम व क्रोमियम बसतात. तांबें व जस्त यांस मात्र तेथें अडचणीनें आणि थोडाच वाव मिळतो, कारण त्यांचा भार लोहाच्या ह्या अवस्थेहून कमी आहे. सल्फेटच्या खणांत आर्सेनिक शिरतें. आर्सेनिकाच्या अणूभोवतीं प्राणवायूचे चार अणु ज्या रीतीनें बसतात, त्याच रीतीनें ते गंधकाच्या अणूभोवतीं बसतात. म्हणून एकाच्या जागीं दुसरा चालून जातो. फॉस्फेटाचीही घडण तीच आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. त्याचा उपयोग पुढें पडेल.

दुसरा मार्ग पृष्ठभागाला चिकटून राहण्याचा. श्वेर्टमनाइटचा कण मोठ्या सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला तर तो साळिंदरासारखा कांटेरी दिसतो. ह्या कांट्यांमुळें त्याचें पृष्ठफळ इतकें वाढतें कीं, एक ग्रॅम साक्यास बहुधा १०० चौरस मीटरांहून अधिक पृष्ठभाग असतो. आपला एक गुंठा म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर. म्हणजे चिमूटभर साक्यांत एका गुंठ्याचें क्षेत्र घडी घालून ठेविल्यासारखें असतें ! एवढ्या पृष्ठभागावर कायकाय चिकटूं शकेल याची कल्पना वाचकांस करतां येईल. परंतु येथेंही निवड असते. पाणी आंबट असतां ह्या पृष्ठभागावर धन भार असतो. त्यामुळें ऋण भाराचें आर्सेनेट व क्रोमेट त्याकडे ओढलें जातें, आणि धन भाराचे जस्तासारखे धातु दूर लोटले जातात. आम्लता जसजशी कमी होते तसतसें प्रथम शिसें, मग तांबें, नंतर जस्त आणि सर्वांच्या शेवटीं कॅडमियम चिकटूं लागतें.

तिसरा मार्ग उन्हाळ्यांतला. खाणीच्या ओढ्याचें पाणी आटलें म्हणजे कांठावर पांढरे, पिवळे, हिरवट क्षार फुलतात. हे क्षार हिराकसाच्याच कुळांतले असतात. हिराकसांतील लोहाचा भार आणि तांबें-जस्त यांचा भार सारखाच असल्यामुळें ज्या धातूंस जारोसाइटमध्यें जागा मिळाली नाहीं, ते येथें सुखानें जाऊन बसतात. पण ही ठेव अगदीं कच्ची. मृगाचा पहिला पाऊस पडला कीं सर्व क्षार एकदम विरघळून पहिल्याच पुराबरोबर खालच्या शेतांत उतरतो. म्हणून अशा ओढ्याचें पाणी वैशाखांत तपासून निर्दोष ठरविणें म्हणजे चोर झोंपला असतां त्यास साव म्हणण्यासारखें आहे.

निवडीची ही गोष्ट कारखानदारांनीं मोठ्या चातुर्यानें वापरली आहे. जस्ताच्या अशुद्ध धातूंत लोह पुष्कळ असतें. तें वेगळें काढण्यासाठीं १९६० नंतरच्या दशकांत नॉर्वे, स्पेन व ऑस्ट्रेलिया येथें जी रीत निघाली, तींत गरम आम्ल द्रवांत सोडियम किंवा अमोनियमचा क्षार घालून लोह जारोसाइटच्या रूपानें खालीं बसवितात. जस्त बहुतांशीं द्रवांतच राहतें आणि पुढें त्यापासून शुद्ध धातु मिळतो. जारोसाइट जस्ताला सहसा आंत घेत नाहीं, यावरच हा सर्व उद्योग उभा आहे. शेतकऱ्यानें ह्याच गोष्टीचा उलट अर्थ काढावा : खाणीच्या आंबट पाण्यांतून पिवळा साका कितीही बसला, तरी जस्त व कॅडमियम हीं मुख्यतः त्या निवळलेल्या पाण्यांतच राहतात. साका शिशास व आर्सेनिकास धरतो, कॅडमियमला सोडून देतो. जपानांत जिंझू नदीच्या खोऱ्यांत कॅडमियम भातांतून माणसांच्या हाडांपर्यंत पोंचलें आणि १९६८ सालीं तेथील सरकारनें त्या रोगाचें हें कारण मान्य केलें, हा इतिहास येथें आठवावा.

ही झाली ठेव ठेवण्याची बाजू. ती टिकते किती ? परिस्थिति बदलली नाहीं तर हजारों वर्षें टिकते. स्पेनमधील रिओ टिंटो येथें जमिनीच्या वरच्या थरांतील जारोसाइटमध्यें रुपें व शिसें सांठलेलें होतें आणि रोमन लोकांनीं तें खणून रुपें गाळलें. कोरड्या व आंबट जागीं ह्या खनिजानें धातु किती निष्ठेनें सांभाळले याचा हा पुरावा आहे. परंतु शेत म्हणजे परिस्थिति बदलण्याचीच जागा. आपण तेथें नांगर घालतों, पाणी भरतों, चुना टाकतों, खत देतों. ह्यांतील प्रत्येक कृति साक्याची एखादी अट मोडते.

पहिली अट वयाची. श्वेर्टमनाइट हा मुळांत अस्थिर साका आहे. कांहीं महिन्यांत किंवा वर्षांत तो गोएथाइटचें रूप घेतो. त्या वेळीं त्यांतलें सल्फेट बाहेर पडून नवें आम्ल तयार होतें आणि कांटेरी पृष्ठभाग आक्रसतो. त्यावर चिकटलेल्या धातूंपैकीं कांहीं नव्या स्फटिकांत अडकतात, कांहीं मोकळे होतात. आर्सेनिक अधिक असेल तर हें रूपांतर मंदावतें, एवढाच दिलासा.

दुसरी अट चुन्याची. आम्ल जमिनीस चुना हा उत्तम उपाय खरा. त्याविरुद्ध आमचें एक अक्षरही नाहीं. परंतु चुन्याचें मान केवळ सामूवरून काढलें तर तें कमी पडतें. सामू वाढला म्हणजे जारोसाइट सावकाश फुटून गोएथाइट होतें आणि आंत गुंफलेलें आम्ल बाहेर येतें. रसायनाचा सरळ हिशेब केला तर १०० किलो शुद्ध जारोसाइट पुरें फुटल्यावर जें आम्ल निघतें, तें मारण्यास सुमारें ३० किलो शुद्ध चुनखडी लागते. हें देणें मातीच्या पाण्यांत दिसत नाहीं; म्हणून पहिल्या वर्षीं सुधारलेली जमीन तिसऱ्या वर्षीं पुन्हा आंबट झालेली आढळते आणि बिचारा शेतकरी चुन्याच्या व्यापाऱ्यास दोष देतो. उलट चुना बेसुमार पडून जमीन अल्कधर्मी झाली तर पृष्ठभागाचा धन भार जातो आणि आर्सेनिक सुटूं लागतें. फॉस्फेटाचें खत अशा जमिनींत भरपूर ओतल्यासही तेंच होतें. घडण सारखी असल्यानें फॉस्फेट आर्सेनेटास ढकलून त्याची जागा घेतें.

तिसरी अट पाण्याची, आणि भातकऱ्यांच्या दृष्टीनें हीच सर्वांत महत्त्वाची. खाचरांत पाणी तुंबून राहिलें म्हणजे मातींतील प्राणवायु संपतो. मग कित्येक जंतु प्राणवायूच्या अभावीं लोहाचाच उपयोग करून जगतात. लोह पुन्हा विरघळणाऱ्या अवस्थेंत येतें, साका फुटतो आणि त्यांतलें आर्सेनिक मुळांच्या कक्षेंत उतरतें. याच वेळीं सल्फेटापासून गंधकाचे सल्फाइड तयार झाले तर कॅडमियम, जस्त व तांबें त्यांशीं संयोग पावून बद्ध होतात. खाचर सुकविलें कीं सर्व उलटें : आर्सेनिक पुन्हा लोहाशीं बांधलें जातें आणि कॅडमियम मोकळें होतें. म्हणजे ज्या खाचरांत दोन्ही आहेत, तेथें पाणी ठेवावें तर एक दोष, काढावें तर दुसरा. अशा ठिकाणीं एकाच मात्रेनें सर्व रोग बरे करणारा वैद्य भेटला तर त्यास दुरूनच नमस्कार करावा.

हें सर्व एका शेतभूमीवर प्रत्यक्ष कसें घडलें तें पाहणें बोधप्रद होईल. दक्षिण स्पेनमध्यें अझ्नालकोयार येथील खाणीच्या टाकाऊ गाळाचा बांध १९९८ सालच्या एप्रिल महिन्याच्या २५ तारखेस पहाटेपूर्वीं फुटला. लाखों घनमीटर काळा गाळ व आंबट पाणी ग्वादियामार नदींतून खालीं लोटलें आणि कांठची चार हजार हेक्टरांहून अधिक, म्हणजे सुमारें दहा हजार एकर, जमीन त्याखालीं गेली. तो गाळ माक्षिकाचा असून त्यांत जस्त, शिसें, आर्सेनिक, तांबें, कॅडमियम व थॅलियम होतें. यंत्रें लावून गाळ व त्याबरोबर वरची माती उचलण्यांत आली. परंतु जो थोडा गाळ भेगांतून व मातींत मिसळून राहिला, त्यावर हवा व पाऊस यांचें काम सुरू झालें. जेथें जमिनींत चुनखडी विपुल होती तेथें आम्ल जागच्या जागीं मारलें गेलें. जेथें ती नव्हती तेथें माती अतिशय आंबट झाली, पिवळा साका बसला, आणि शिसें व आर्सेनिक त्या साक्याबरोबर वरच्या थरांतच थांबलें. जस्त व कॅडमियम मात्र आम्लाबरोबर खालच्या थरांत उतरलें. वर सांगितलेला निवडीचा नियम येथें उघड्या रानांत दिसून आला.

तेथील उपायही विचार करण्याजोगे आहेत. बीटच्या साखरेच्या कारखान्यांत रस शुद्ध केल्यावर उरणारा चुन्याचा गाळ त्या जमिनींत मिसळला, आणि आर्सेनिक बांधण्यासाठीं लोहयुक्त तांबडी माती आणून घातली. (आपल्याकडील बहुतेक साखर कारखान्यांत रस गंधकाच्या धुरानें शुद्ध करितात, त्यामुळें आपल्या प्रेसमडमध्यें चुना त्या मानानें नसतो, हा उपाय जसाच्या तसा उचलूं नये.) इतकें करूनही तेथील सरकारनें ती जमीन विकत घेतली, तींत अन्नाचीं पिकें घेण्यास मनाई केली, आणि २००३ सालीं तो पट्टा संरक्षित निसर्गक्षेत्र म्हणून जाहीर झाला. पाणी निवळलें होतें, हिरवळ आली होती. तरी शेती परत आली नाहीं. दहा हजार एकर शेतजमीन हें त्या एका रात्रीचें मोल होय. साक्यावर विसंबून शेती पुन्हा सुरू न करण्याचा तो निर्णय आम्हांस शहाणपणाचा वाटतो. परंतु ज्या कुटुंबांचीं शेतें गेलीं त्यांस तो किती जड गेला असेल, हें जमीन धारण करणाऱ्या आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

आपल्या देशांत ह्या प्रश्नाचें सौम्य रूप केरळांतील कुट्टनाड प्रांतांत आढळतें. समुद्रसपाटीच्या खालीं भातशेती करणारा हा प्रदेश. त्याच्या शेतीपद्धतीस २०१३ सालीं जागतिक वारसा म्हणून राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेनें मान्यता दिली. तेथील कांहीं भागांतील काळ्या मातीस 'करी' म्हणतात. पूर्वीं दलदलींत गाडल्या गेलेल्या वनस्पतींबरोबर तींत माक्षिकही आहे. माती पाण्याखालीं असतां शांत असते. उपसून कोरडी पडली कीं आम्ल सुटतें, सामू ४ च्या खालीं येतो आणि लोह व ॲल्युमिनियम यांचा पिकास उपद्रव होतो. तेथील शेतकरी पाणी भरून आम्ल धुऊन काढणें, तें बाहेर उपसणें आणि चुना देणें ह्या रीतीनें पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवीत आले आहेत. पाणी केव्हां भरावें आणि केव्हां काढावें, हाच त्यांच्या विद्येचा गाभा आहे. आणि पुस्तकांतील रसायन आतां तेंच सांगत आहे.

आतां आपल्याकडे वळूं. दख्खनची काळी जमीन चुनखडीयुक्त, सामू बहुधा ८ च्या घरांत. तींत जारोसाइट टिकणार नाहीं, हें आम्ही स्पष्टपणें सांगतों, म्हणजे हा लेख वाचून कोणी आपल्या शेतांतील प्रत्येक पिवळ्या खड्याकडे संशयानें पाहूं नये. आपला केवडाही लोहाच्या अभावाचा नसून लोह गंजाच्या रूपांत जखडल्याचा आहे. म्हणूनच हिराकस जमिनींत नुसता न टाकतां शेणखतांत मुरवून द्यावा किंवा ताजा द्राव करून पानांवर फवारावा असें सांगतात. परंतु चुनखडीच्या भरंवशावर निश्चिंत राहावें, असाही याचा अर्थ नाहीं. कोंकणांतील व घांटमाथ्यावरील तांबड्या जमिनींत ही ढाल नाहीं. आणि काळ्या जमिनींतही पडलेला धातु जातो कोठें ? तो बद्ध होतो, सांठतो, आणि वर्षानुवर्षें थोडा थोडा वाढत राहतो.

येथें दोन पक्षांचें खंडन करणें आम्हांस अवश्य वाटतें. एक पक्ष म्हणतो कीं, खनिजांत बद्ध झालेला धातु दगडासारखाच निरुपद्रवी, त्यास शेतांत पसरण्यास हरकत नाहीं. दुसरा म्हणतो कीं, कारखान्यांतून आलेलें सर्वच विष. दोघेही विचाराचे श्रम वांचवितात. उदेपूरजवळच्या देबारी व चितोडजवळच्या चंदेरिया येथील जस्ताच्या कारखान्यांतून जारोसाइटचा गाळ निघत आला आहे आणि तो सिमेंट करण्याकडे वापरला गेला आहे. सिमेंटांत तो भट्टींतून जातो आणि तेथें मुळें नाहींत, खत नाहीं, पाणी भरणें नाहीं. त्या उपयोगास आमचा आक्षेप नाहीं. परंतु असा गाळ लोह व गंधक यांचें स्वस्त खत म्हणून उद्यां कोणी शेताच्या बांधावर आणून टाकूं लागला, तर तो घेऊं नये, असें आमचें निःसंदिग्ध मत आहे. त्यांतलें लोह पिकास लागत नाहीं, आम्ल सावकाश सुटतें आणि शिसें कायमचें पदरांत पडतें.

हिराकसाविषयींही सावधगिरी पाहिजे. बाजारांतील पुष्कळसा हिराकस हा पोलाद साफ करण्याच्या किंवा पांढरा रंग तयार करण्याच्या कारखान्यांतील उपपदार्थ असतो. त्यांत वाईट असें कांहीं नाहीं. पण परके धातु हिराकसाच्या स्फटिकांत किती सहज बसतात हें वर आलेंच आहे, आणि तो डोळ्यांनीं ओळखूं येत नाहीं. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशांत हिराकसांतील लोहाबरोबर शिशाचीही मर्यादा घालून दिलेली आहे. तेव्हां चार पैसे स्वस्त म्हणून बिनशिक्क्याचें पोतें घेणें हें काटकसरीचें लक्षण नव्हे.

सर्वांत मोठी उणीव आम्हांस परीक्षणांत दिसते. २०१५ सालीं सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिकेवर बारा गोष्टी नमूद करण्याची योजना झाली : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, आणि जस्त, लोह, तांबें, मंगल, बोरॉन. ही योजना उपकारक आहे. परंतु तींत शिसें, कॅडमियम व आर्सेनिक यांस स्थान दिलेलें नव्हतें. शिवाय जस्त-लोहाचे आंकडे हे मातींतून सौम्य रसायनानें सुटणाऱ्या, म्हणजे पिकास आज मिळूं शकणाऱ्या, अंशाचे असतात. साक्यांत गुंतलेला सांठा त्यांत येत नाहीं. चालू खातें पाहून मुदतीच्या ठेवीचा अंदाज बांधतां येत नाहीं, तसेंच हें आहे. सर्व शेतांस ही जास्तीची तपासणी लागू करा, असें आमचें म्हणणें नाहीं. तो खर्च व्यर्थ होईल. परंतु खाणीच्या, धातूच्या कारखान्याच्या किंवा कारखान्याच्या सांडपाण्याच्या खालच्या अंगास ज्यांची जमीन आहे, त्यांच्यासाठीं ही तपासणी सरकारी प्रयोगशाळांतून झाली पाहिजे, आणि तींत सुटा अंश व एकूण सांठा हे दोन्ही आंकडे वेगवेगळे मिळाले पाहिजेत.

तोंवर आपण काय करावें ? गांवच्या सोसायटीनें एकत्र वर्गणी करून अशा ओढ्याचें पाणी वर्षांतून दोनदां, एकदां भर उन्हाळ्यांत व एकदां पहिल्या पुराच्या वेळीं, तपासून घ्यावें. पाण्याबरोबर तळाचा साकाही बाटलींत भरून पाठवावा. पाणी निर्दोष आणि साका सदोष असा निकाल आल्यास तोच खरा इशारा समजावा. ओढ्याचा पिवळा गाळ पोयटा म्हणून शेतांत भरूं नये. जमिनीस चुना देण्यापूर्वीं गुंफलेल्या आम्लाचाही हिशेब प्रयोगशाळेकडून मागावा. भातखाचरांत पाणी किती दिवस ठेवावें हें ठरवितांना कोणता धातु आपल्या वांट्यास आला आहे तें आधीं विचारावें.

धातु नाशवंत नाहीं. पानाचें खत होतें, शेणाची माती होते, गंधकाम्लही चुन्यानें मरतें. पण शिसें शिसेंच राहतें आणि कॅडमियम कॅडमियमच. त्यास कोठें व कोणत्या बंधनांत ठेवावें एवढेंच माणसाच्या हातीं आहे. जमीन आपण वडिलांकडून घेतों आणि मुलांच्या स्वाधीन करितों. सात-बाराच्या उताऱ्यावर कर्जाचा बोजा लिहिलेला असतो, म्हणून तो वारसास कळतो. पिवळ्या साक्यांत बसलेला बोजा मात्र कोणत्याही उताऱ्यावर लिहिलेला नसतो. तो मातीच्या तपासणींतून ज्यानें त्यानेंच वाचून घ्यावयाचा आहे, आणि तें काम आपल्या हयातींतच केलेलें बरें.